शिंक येण्याआधी

माझ्याकडे एक जुनी वही आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाला वापरतात तसली. मी जिममध्ये ट्रेनर होते. तिथे नोंदींसाठी ॲप होतं, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांच्या नोंदी मी हातानंच लिहायचे, अजूनही लिहिते. ऑगस्ट २०१९ मधल्या एका पानावर एका बाईंच्या नावासमोर माझ्या अक्षरात लिहिलंय : 'दोरीउड्या – नाही म्हणाल्या. जंपिंग जॅक – नाही. कारणं सांगतात. मनाची तयारी कमी.' शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ मारली आहे.

त्या बाई बेचाळीस वर्षांच्या. बँकेत कॅशियर, दोन मुलांची आई. सकाळी सहाची बॅच, आणि त्या पाच पंचावन्नला दारात. स्क्वॉट करायच्या, डंबेल उचलायच्या, शेवटच्या सेटलाही कुरकुर नाही. फक्त उडी म्हटली की "गुडघा दुखतो" म्हणून बाजूला व्हायच्या. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, गुडघा बैठकीला दुखत नाही, जिन्याला दुखत नाही, उडीलाच बरा दुखतो?" बॅच हसली. त्याही हसल्या. त्या आठवड्यानंतर त्या आल्या नाहीत. तीन महिन्यांचे पैसे भरलेले, त्यातला दीड महिना बाकी होता. मी एक फोन केला, त्यांनी उचलला नाही. मी नावावर काट मारली आणि पुढचं पान उलटलं.

त्या पानाकडे परत यायला मला चार वर्षं लागली.

मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. आमचे आबा, म्हणजे आईचे वडील, तरुणपणी तालमीत मेहनत करायचे. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबागेचं मैदान १९१२ चं. त्या मैदानात आपण दोनदा लंगोट लावून उतरलो, हे आबा देवाचं नाव घ्यावं तसं हळू आवाजात सांगायचे. तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात. त्या मातीचा एक वास असतो, ओलसर आणि आंबूस. तो मला अजून येतो, कारण मी लहानपणी तो फक्त उंबऱ्याबाहेरून घेतला. आमच्या पेठेतल्या तालमीत मुलींना आत जाता येत नव्हतं. आबांना त्याचं वाईट वाटत असावं. त्यांनी मला चौथीत असताना घरच्या अंगणात जोर-बैठका शिकवल्या. बैठक मारताना टाच कुठे उचलायची, श्वास कधी सोडायचा, हे मी जिमची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी आबांकडून शिकले. त्यांचं एक बोलणं घरात सगळ्यांना पाठ होतं : मेहनत, खुराक, आराम. तिन्हीतलं एक काढलं की पैलवान पडला म्हणून समजा.

मावशीचं बाळंतपण आमच्याच घरी झालं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. मधल्या खोलीत बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, सकाळी मालिश करणाऱ्या आजी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं. मावशीच्या ताटात पडणारं तूप बघून मामा काहीतरी बोलला. आबा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "कुस्ती मारून आलीया ती. खाऊ दे तिला."

हे वाक्य मी विसरले होते. म्हणजे आठवणीत होतं, पण त्याचा कामाशी काही संबंध आहे असं कधी वाटलं नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी ट्रेनरचा कोर्स केला आणि २०१४ मध्ये पुण्यात आले. जाहिरातीत लिहिलं होतं, 'लेडीज ट्रेनर पाहिजे'. पहिली दोन वर्षं फ्लोअरवर, मग पर्सनल ट्रेनिंग. पहाटे साडेचारला उठायचं, सहाची बॅच, आठची बॅच, दुपारी रिकामं, पुन्हा साडेपाच ते नऊ. मला हे काम मनापासून आवडायचं. पन्नाशीच्या एका काकूंनी पहिल्यांदा चाळीस किलोचा डेडलिफ्ट जमिनीवरून सुटा केला, तेव्हा त्या बार खाली ठेवून माझ्या गळ्यात पडल्या होत्या. "घरचा सिलेंडर मी आता कुणाला हाक न मारता उचलते," असं त्या महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. बाईला आपल्या ताकदीचा पत्ता लागतो तो क्षण बघायला मिळणं, यापेक्षा चांगली कमाई मला ठाऊक नाही.

पण बहुतेक बायका ताकदीसाठी यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी समोर बसल्या की हात पोटावर जायचा. "डिलिव्हरीनंतर हे सुटलंय." मूल दोन महिन्यांचं असो की बारा वर्षांचं, वाक्य तेच. मीही तेच उत्तर द्यायचे : क्रंचेस, प्लँक, बर्पी, दोरी. माझ्या कोर्सच्या जाडजूड पुस्तकात गरोदर आणि बाळंत बायकांसाठी दोन पानं होती, मधुमेह आणि रक्तदाबाच्या शेजारी. दोन्ही पानांचं सार 'डॉक्टरांची परवानगी घ्या' एवढंच होतं. परवानगी मिळाल्यावर काय करायचं, ते कुठेच नव्हतं.

भिंतीवर मेरी कोमचं पोस्टर होतं. कुणी कच खाल्ली की मी त्याच्याकडे बोट दाखवायचे. जुळी मुलं झाल्यावर त्या विश्वविजेत्या झाल्या, मग तुम्हाला काय झालंय? जुळी झाली २००७ मध्ये आणि विजेतेपद आलं २००८ च्या अखेरीला, मध्ये वर्षाहून जास्त काळ गेला, ही साधी वजाबाकी मी कधी केली नव्हती. त्या वर्षात त्यांच्या शरीराचं काय चाललं होतं, ते पोस्टरवर कसं दिसणार?

ऑक्टोबर २०२१ मध्ये मला दिवस गेले. पहिले तीन महिने उलट्यांनी पिळून काढलं. नंतर मात्र अंग हलकं झालं. माझ्या डॉक्टर समजूतदार होत्या. गुंतागुंत नाही, आधीपासून व्यायामाची सवय आहे, तेव्हा चालू ठेव म्हणाल्या. बोलता बोलता करता येईल इतपतच दमायचं, पोटाला धक्का बसेल असं काही नको, शेवटच्या महिन्यांत उताणं झोपून व्यायाम नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच सांगून ठेवलंय की अडचण नसेल तर गरोदर आणि बाळंत बायकांनी आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा. अहो आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घाबरायच्या. त्यांना मी एक दिवस जिममध्येच नेलं. सातव्या महिन्यातल्या मला हलक्या केटलबेलनं स्क्वॉट करताना त्यांनी पाहिलं, आणि परत येताना रिक्षात म्हणाल्या, "आम्ही तर विहिरीवरून दोन-दोन घागरी आणायचो नववा लागेपर्यंत. तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही."

नोकरीचं सांगते. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. मी तेव्हा जिममध्ये मोठ्या उत्साहानं ती बातमी वाचून दाखवली होती. माझी वेळ आली तेव्हा कळलं की मी कागदोपत्री कुणाची नोकरदारच नव्हते. टक्केवारीवर काम, नेमणुकीचं पत्र नाही. सहाव्या महिन्यापासून माझे क्लायंट एकेक करून दुसऱ्या ट्रेनरकडे गेले. कुणी वाईट बोललं नाही. "तू आराम कर" म्हणाले. आठव्या महिन्यात माझ्या वाट्याला दोन बायका उरल्या होत्या. पर्सनल ट्रेनिंग करणाऱ्या किती मुलींचं हे असंच होतं ते मी जवळून पाहिलंय, आणि याचा राग मला आजही येतो.

पहिलं बाळंतपण माहेरी. जून २०२२, कोल्हापूरचा पाऊस. कळा पहाटे सुरू झाल्या, लेक झाली रात्री. तीन किलो शंभर ग्रॅम. टाके पडले. मला वाटलं होतं की इतकी वर्षं वजनं उचललेली मी, मला सोपं जाईल. सोपं असं काही नसतं. कळ आली की फक्त ती कळ असते.

मग सव्वा महिना तीच मधली खोली. हवेत ओल इतकी की बाळाची दुपटी वाळेनात. आई शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर पसरायची. सगळ्या घराला धूप आणि दुधाचा मिळून वास. दुपारी बाळ झोपलं की मी फोनवर बघायचे : परदेशातल्या कुणा ट्रेनरचं सहा आठवड्यांत सपाट झालेलं पोट, 'पुन्हा पहिल्यासारखी' अशी जाहिरात. आई मऊ सुती लुगड्यानं माझं पोट बांधायची आणि मी तिला म्हणायचे, आणखी घट्ट, आणखी. डिंकाच्या लाडवाला मी नाही म्हणायला लागले. स्तनपान करणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात, हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिलेला आकडा मी इतरांना तोंडपाठ म्हणून दाखवायचे. स्वतःच्या ताटात मात्र अर्धी भाकरी.

आठव्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, बाळ खाली आजीजवळ. मी दोरी घेऊन वर गेले. दोरी माझीच, लाकडी मुठींची, शाळेपासूनची. पहिल्या तीन उड्या झाल्या. पायांना जुनी लय लगेच सापडली आणि मला आनंदानं रडू यायला लागलं. चौथ्या उडीला लघवी सुटली. थेंबभर नाही. मांडीवरून घोट्यापर्यंत ऊन धार गेली. मी दोरी सोडली आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभी राहिले, गाऊन भिंतीकडे धरून.

आईनं तारेवरच्या चादरीआडून विचारलं, "का गं थांबलीस?"

"गुडघा दुखतोय," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मला त्या कॅशियर बाई दिसल्या. पाच पंचावन्नला दारात उभ्या असलेल्या. बॅचबरोबर हसणाऱ्या. त्यांचा गुडघा कधीच दुखत नव्हता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, डॉक्टरांना नाही. व्हिडिओ कॉलवर मैत्रिणीला 'एकदम फिट' म्हणाले. दिवसातून तीनदा कपडे बदलायचे आणि बाळानं ओलं केलं म्हणून सांगायचे. हे लिहितानाही हात जरा अडखळतोय, पण लिहायचंच असं ठरवून बसले आहे.

मग चार-पाच दिवसांनी चटणीचा दिवस आला. कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यातच होते, वर्षाची. पण आमची त्या साली कमी पडली होती, म्हणून आई थोडीशी करायला बसली. मिरची भाजायला घेतली आणि घरभर खाट उठला. मी दारात बाळाला पदराआड घेऊन उभी होते. आईला शिंक येणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं उलथणं खाली ठेवलं, एका हातानं ओट्याची कड धरली, उजवा पाय डाव्या पायावरून घेऊन घट्ट दुमडला, आणि मग शिंकली. एकदा, दोनदा, तीनदा. पाय सोडले, उलथणं उचललं, परतायला लागली.

हे मी लहानपणापासून बघत आले होते. आई शिंकते ती अशीच. कुणाची आई पदर तोंडाला लावते, माझी पाय दुमडते. शाळेत असताना मी तिची नक्कलही करून दाखवायचे.

"आई, शिंकताना तू पाय का दुमडतीस?"

तिनं मागं न बघता सांगितलं, "निसटतंय म्हणून."

"कधीपासून?"

"तू झाल्यापासनं."

तीस वर्षं. मी तिथंच पाटावर बसले. मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. चैत्रात जोतिबाचा डोंगर चढून जायचं आईनं का सोडलं. एसटीनं कुठंही जायचं असलं की आदल्या रात्रीपासून ती पाणी का पीत नाही. लग्नात सगळ्या बायका झिम्मा-फुगडीला उठतात तेव्हा ही भांड्यांकडे का जाते. आम्ही भावंडं म्हणायचो, आईला हौसच नाही कशाची. जिला आबांनी लहानपणी माझ्यासारख्याच बैठका शिकवल्या होत्या, तिला हौस नव्हती?

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगायचं? बाईच्या जातीला असतंयच की ते." मग थोडा वेळ मिरचीचाच आवाज. नंतर ती म्हणाली, "तुलाबी होतंय न्हवं? परवा गच्चीवर बघितलं मी."

आईला मी बीपीचं मशीन घेऊन दिलं होतं, चालायचे बूट दिले होते, सकाळी काय खायचं त्याचा कागद फ्रिजवर चिकटवला होता. आठ वर्षं बायकांच्या शरीराचं काम करून पोट भरणारी मी, आणि हा एक प्रश्न मी तिला विचारला नव्हता.

पुण्याला परतल्यावर मी अशा तक्रारींवर काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं मला झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबून पाहिलं. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात, ते गरोदरपणात एकमेकांपासून लांब सरकतात. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे पुष्कळसे जवळ येतात, काहींचे येत नाहीत. माझी फट तीन बोटं होती. म्हणजे मी आजवर ज्या बायकांना 'पोट सुटलंय' म्हणून क्रंचेस घालायला लावले, त्यांतल्या कितीजणींच्या पोटात चरबीपेक्षा ही फट असेल, आणि मी तिथेच जोर लावायला सांगत होते.

मग ती खालच्या स्नायूंबद्दल बोलली. सगळे पेल्विक फ्लोअर म्हणतात, मी माझ्या बायकांना झोळी म्हणून सांगते. पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत बांधलेली स्नायूंची झोळी. मूत्राशय, गर्भाशय, आतडं, सगळ्यांचा भार हिच्यावर. नऊ महिने ती वाढता भार पेलते आणि प्रसूतीत तीच ताणून मूल बाहेर येतं. श्वास घेतला की ती खाली उतरते, सोडला की वर येते. उडी, खोकला, शिंक, जड वजन, या प्रत्येक वेळी पोटातला दाब खाली तिच्यावर आदळतो. पोट फार घट्ट बांधलं तरी तो दाब खालीच जातो, हे ऐकून मला ते 'आणखी घट्ट, आणखी' आठवलं.

आर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं. माझ्या आईच्याही जन्माआधीची गोष्ट. व्यायाम तरी काय, दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठदा आवळायचं, धरायचं, सोडायचं. किमान तीन महिने. पैसे नाहीत, साधन नाही. इतकी सोपी गोष्ट आमच्या मधल्या खोलीपर्यंत कधी पोचलीच नाही.

सोपी म्हणते खरी, पण मला पहिले दोन आठवडे तो स्नायू सापडेना. मी ढुंगण आवळायचे, मांड्या आवळायचे, श्वास कोंडून धरायचे. फिजिओ म्हणायची, सोड, आधी पूर्ण सोडायला शिक. जन्मभर 'आवळा, ताठ राहा, पोट आत' असं बजावत आलेल्या मला सोडणं जमत नव्हतं. काहीजणींची झोळी सैल नसते, उलट सतत ताणलेली असते, आणि त्यांना आधी सोडायलाच शिकवावं लागतं, हेही तिनंच सांगितलं. रात्री बाळाला पाजताना सराव करायचे. तिच्या घोटांच्या तालावर : तीन घोट आवळून, तीन घोट सोडून.

बाळंतपणानंतर धावायला पुन्हा कधी लागावं यावर २०१९ मध्ये काही फिजिओथेरपिस्टनी मार्गदर्शक सूचना लिहिल्या आहेत. बारा आठवड्यांच्या आत नाही, आणि त्यानंतरही शरीर तपासून. मी उड्या मारायला गेले होते आठव्या आठवड्यात, अर्धी भाकरी खाऊन. आबा असते तर त्यांनी दोरी हातातून काढून घेतली असती. कुस्ती मारून आलेल्या गड्याला कोण दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरवतं?

डिसेंबरात मी वीस उड्या कोरड्या मारल्या. वहीत तारीख लिहिली आहे.

जिममध्ये परत गेले नाही. पहाटे साडेचारला उठून बाहेर पडणं दूध पिणाऱ्या लेकराबरोबर जमणारं नव्हतं, आणि तिथल्या पद्धतीनं शिकवणंही आता जमलं नसतं. आमच्या भागातल्या एका सोसायटीचा हॉल सकाळी अकरा ते साडेबारा रिकामा असतो, तो भाड्यानं घेतला. अकरा अशासाठी की तोवर बहुतेक बाळांची अंघोळ होऊन ती झोपायला आलेली असतात. कडेला सतरंजी, त्यावर बाळं. कुणी रडलं तर जिचं आहे ती थांबते, पाजते, परत येते. सुरुवातीला चारजणी होत्या. कमाई जिमच्या निम्म्यावर आली, आणि नवऱ्याच्या पगारावर घर चाललं म्हणूनच मला हे करता आलं, हेही सांगायला हवं.

नवी बाई आली की मी तिला एकटीला बसवते आणि तोंडी विचारते. कागदावर विचारून चालत नाही, कागदावर सगळ्या 'नाही' लिहितात. खोकताना, हसताना लघवी निसटते का? खाली जड वाटतं, अंग बाहेर येतंय असं वाटतं का? टाके दुखतात का? झोप किती? जेवलात का, आणि केव्हा? पहिल्या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर सारखंच असतं. आधी गप्प, मग दाराकडे एक नजर, मग "म्हणजे, थोडंसं." मी सांगते की मलाही झालं होतं. मग खांदे खाली येतात. अंग बाहेर येतंय म्हणणारीला मी व्यायाम देत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवते. ते माझं काम नाही, हे ओळखणं माझं काम आहे.

जेवणाच्या प्रश्नावर मी हल्ली जास्त रेंगाळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. माझ्या हॉलमध्ये त्या बसलेल्या असतात : बाळ चार महिन्यांचं, सकाळपासून फक्त चहा-बिस्कीट, आणि विचारतात, "मॅडम, वजन कमी व्हायला काय बंद करू?" मी त्यांना आबांचं सांगते. मेहनत तुमची चोवीस तास चालू आहे. आधी खुराक आणि आराम कुठून आणायचा ते बघू.

व्यायामही बदलले. पाळण्यातून बाळ उचलणं म्हणजे वाकून, हात लांब करून, त्यात कंबर वळवून उचललेलं वजन. जिममध्ये कुणी असं उचललं तर मी ओरडेन, आणि आई ते दिवसात तीस वेळा करते. तेच वजन दर महिन्याला आपोआप वाढतं. म्हणून आम्ही तेच शिकतो. पिशवीत तांदूळ भरून, आधी तीन किलो, मग पाच, मग आठ. श्वास सोडत उचलायचं, पाय आधी वळवायचे, कंबर नंतर. एका कडेवर वजन घेऊन हॉलभर चालायचं, मग दुसऱ्या. सगळ्यांची डावी कड पक्की आणि उजवी कच्ची असते, कारण उजव्या हातानं पोळी लाटायची असते.

मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. आई तेव्हा पुण्याला माझ्याकडे आली होती. नऊ महिन्यांची लेक मांडीवर, आणि आम्ही दोघी फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कुस्ती बघत होतो. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली तेव्हा आईनं डोळ्यांना पदर लावला. आबांची आठवण दोघींनाही आली, बोललं कुणीच नाही. नंतर रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "ह्या पोरींना पुढं लेकरं होतील. तवा त्यांना कोण सांगणार हे सगळं?" तोवर तिचा स्वतःचा व्यायाम सुरू होऊन चार महिने झाले होते.

त्या कॅशियर बाईंना मी त्याच वर्षी दिवाळीनंतर फोन केला. त्याआधी तीनदा मेसेज लिहून पुसला होता. या वेळी त्यांनी उचलला. मी नाव सांगितलं, आणि म्हणाले की ताई, मी तुम्हाला चारचौघांत बोलले ते चुकीचं होतं. तुमचा गुडघा दुखत नव्हता, हे मला आता कळलंय. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, कुणी नाही, मला स्वतःला झालं. त्यांनी हळू श्वास सोडला. दुसऱ्या मुलापासून होतं, म्हणाल्या. व्यायाम बंद झाला त्याचं वाईट वाटलं होतं, कारण घराबाहेरचा तो एकच तास त्यांचा होता.

त्या परत आल्या नाहीत. नणंदेला मात्र पाठवलं, तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं. स्वतः फोनवर शिकून घेतलं, आणि आता काउंटरवर एक टोकन जाऊन दुसरं येईपर्यंत एकदा आवळून सोडतात. वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही आणि खोडलेलंही नाही. नव्या बाईशी बोलायच्या आधी कधी कधी उघडून बघते.

आई गेल्या चैत्रात जोतिबाला जाऊन आली. अर्धा डोंगर चढली, अर्धा गाडीनं. शिंकेआधी पाय दुमडण्याऐवजी आतून आवळायचं, मग शिंकायचं, हे मी तिला शिकवलंय आणि तिला ते जमतं. आताशा निसटत नाही म्हणते. परवा माझ्याकडे आली होती. मिरचीची फोडणी जरा जास्त तापली. मी बघत होते. तिनं उलथणं खाली ठेवलं, ओट्याची कड धरली, उजवा पाय डाव्यावर गेला, आणि शिंकली.

"आई, अजून होतंय?"

"न्हाई गं. पाय ऐकत न्हाईत."

माझी लेक दारात उभी होती. तिनं आजीकडे बघितलं, भिंतीला हात लावला, एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि खोटी शिंक काढली. आई हसली नाही. तिनं पाय सोडवले, दोन्ही पाऊलं फरशीवर सरळ ठेवली, आणि पुढच्या शिंकेची वाट बघत उभी राहिली.